सत्तर किलोचा पाहुणा

नरूदादाने फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या. "अवधूत, माझ्या विमानाचा पहिला पाहुणा तू. आणि सत्तर किलोच्या आत ये." फोन ठेवल्यावर मला फार आनंद झाला आणि लगेच भूक लागली.

नरूदादा माझा चुलतभाऊ. आमचं घराणं मूळचं देवासचं. माझे वडील नोकरीसाठी सांगलीला आले आणि सांगलीचेच झाले. काका देवासलाच राहिले. दादा तिथल्या एका कारखान्यात गिअर बनवण्याच्या खात्यात होता. निवृत्त झाल्यावर लोक गच्चीवर वांगी लावतात. याने सुट्या भागांचा संच मागवला आणि शेडमध्ये दोन माणसांचं छोटं विमान जोडलं. उडवण्याचा परवाना काढला, परवानग्यांसाठी चपला झिजवल्या आणि धारबाहेरच्या हवाई पट्टीवरून ते एकट्याने पुष्कळदा उडवलंही. शेजारची खुर्ची मात्र अजून रिकामीच होती.

ही बातमी मी सांगलीत जरा जास्तच पसरवली. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी मला काळा चष्मा आणि मफलर भेट दिला. त्यांतल्या देशमुखांनी तर मी परत आल्यावर माझं व्याख्यान ठेवायचं ठरवून टाकलं. आता माघार नव्हती. वजन केलं, अडुसष्ट भरलं. दोन किलो हाताशी ठेवून मी गाडीत बसलो. दादाच्या बायकोला, सुमनवहिनींना, मी हिशेबात धरलंच नव्हतं.

देवास

घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच पोहे आले. वर शेवेचा ढीग, त्यावर जिरावण मसाला आणि शेजारी गरम जिलेबी. सांगलीत आम्ही पोह्यांबरोबर चहा घेतो. इथे जिलेबी घेतात, आणि त्यानंतरही चहा घेतात.

"वहिनी, मला सत्तरच्या आत राहायचंय," मी सांगून पाहिलं.

"अहो भावजी, हे जेवण थोडीच आहे? हा तर नाश्ता आहे. नाश्त्याचं कुठे वजन होतं!"

आग्रहाचं शास्त्र दोन्हीकडे वेगळं आहे. आमच्याकडे यजमान "घ्या हो" असं दोनदा म्हणतो आणि तिसऱ्यांदा सुटकेचा श्वास टाकतो. देवासला पाहुण्याच्या पहिल्या तीन नकारांना घसा साफ करणं समजतात. ताटावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून तूप सोडतात. दुपारच्या जेवणात मी दोन्ही हात आडवे धरले. वहिनींनी पुरणपोळी मनगटावर ठेवली.

"खा रे," दादा म्हणाला. "संध्याकाळी टेकडीवर चक्कर मारून येऊ. सगळं उतरून जाईल."

देवीच्या टेकडीवर पायी चढलो, घामाघूम झालो, खाली आलो. पायथ्याशी कचोरी तळत होते. टेकडीने जे नेलं ते कचोरीने व्याजासकट परत केलं.

देवासचं एक सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच घडलं. या गावात सगळं दोन-दोन आहे. टेकडीवर देवी दोन, एक मोठी आणि एक धाकटी. संस्थानाच्या काळी गाद्याही दोन होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, राजे दोन. राजे गेले, पण पाती गेल्या नाहीत. आमचं घराणं थोरल्या पातीच्या चाकरीतलं आणि सुमनवहिनींचं माहेर धाकट्या पातीच्या. दादाच्या घरात अजून नव्या गाडीची पहिली चक्कर थोरल्या पातीची, पंगतीतलं पहिलं पान थोरल्या पातीचं. हे सगळं हसत-खेळत चालतं, पण चालतं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो. विमान धारलाच होतं, इथे फक्त त्याचा डावा पंख होता, लाकडी घोड्यांवर आडवा ठेवलेला. गेल्या महिन्यात हवाई पट्टीवर एका म्हशीने त्याच्यावर पाठ खाजवून घेतली होती. टोकाचा पत्रा चेपला, म्हणून पंख सोडवून दुरुस्तीला आणला होता.

मी पंख एका हाताने उचलून पाहिला. त्याचं टोक सहज वर आलं. मला जरा धास्ती वाटली. ज्याच्या भरवशावर आकाशात जायचं ते आमच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यापेक्षा हलकं होतं.

"हलकं आहे म्हणूनच उडतं," दादा म्हणाला. "सगळं मिळून साडेचारशे किलो, त्याच्या वर एक किलो नाही. विमान, पेट्रोल, मी, तू. एवढं पाळलं की दीडशे मीटर धावून उचलतं, ताशी दीडशेने जातं आणि इंजिन बंद पडलं तरी एक किलोमीटर उंचीवरून दहा किलोमीटर तरंगत जातं. बिचारं काही मागत नाही. फक्त पासष्टच्या खाली वेग नेला की पंख हवा सोडतो."

"सोडतो म्हणजे?"

उत्तर वहिनींनी दिलं. त्या कोपऱ्यात बसून पंखाच्या टोकावर बारीक कागद घासत होत्या. "हे बघा भावजी, पंखाला किंचित पीळ दिलाय. मुळाशी जास्त कललेला, टोकाशी कमी. म्हणजे वेग कमी झाला तर मूळ आधी दमतं आणि टोक शुद्धीवर राहतं. टोकाशी विमान सावरायच्या फळ्या आहेत ना, त्या तेव्हाही काम करतात. सगळा पंख एकदम झोपला तर मग निपटलंच."

मी थक्क झालो. मग कळलं की विमानाचे अर्धे रिव्हेट वहिनींनी मारले होते. सीटची कव्हरं त्यांनी शिवली होती. नकाशात उलटा वाचलेला एक भाग त्यांनीच पकडला होता. तो तसाच बसला असता, तर दादा डावीकडे वळायला जाऊन उजवीकडे गेला असता.

"मग वहिनी, तुम्ही नाही बसणार?" मी विचारलं.

"ती कुठे बसते!" दादाच बोलला. "जत्रेतल्या पाळण्यात बसायला भिते. आणि पहिला मान तर थोरल्या पातीचाच हवा ना? म्हणून तर तुला सांगलीहून बोलावलं. एकदा तू सुखरूप उतरलास की मग बघू, तिची मर्जी झाली तर."

मला सन्मानित वाटलं. खरं तर माझा प्रयोगशाळेतला उंदीर केला होता, पण ते त्या वेळी लक्षात आलं नाही. वहिनींनी कागद पुन्हा पंखाच्या टोकावर घासायला घेतला. घरी आल्यावर त्यांनी गराडू तळले. हा थंडीतला कंद इथे सुरणासारखा तळून वर लिंबू पिळून खातात. माझी बशी रिकामी झाली की ती भरत होती आणि कशी भरते ते मला दिसत नव्हतं.

पंखाची वरात

पंख धारला न्यायला टेम्पो ठरवला होता. घरातल्या लग्नाकार्याच्या सगळ्या गाद्या त्यात अंथरल्या, वर पंख, त्यावर रजया. टेम्पोवाले मांगीलालजी हे सगळं बघत विडी ओढत होते.

"भिया, यो कई हे?" त्यांनी मला विचारलं.

"विमानाचा पंख."

"एकज?"

"दुसरा धारला आहे."

"तो फेर ठीक हे," ते म्हणाले आणि त्यांनी विडी विझवली. जणू एकाच पंखाचं विमान असतं, तर ते न्यायला त्यांची हरकत होती.

पंख टेम्पोच्या मागे हातभर बाहेर आला होता. त्याला लाल फडकं बांधायचं, तर कुणाकडे लाल कापड नव्हतं. शेवटी माझा भेट मिळालेला मफलर बांधला. दादा-वहिनी गाडीतून मागे, मी मांगीलालजींच्या शेजारी पुढे. इंदूरच्या बायपासला दुचाकीवरचे दोघं बराच वेळ आमच्या बरोबरीने आले. मागे बसलेल्याला ही देवाची मिरवणूक वाटली. तो ओरडला, "भिया, झाँकी किधर निकल री हे?" मांगीलालजींनी काच खाली करून शांतपणे सांगितलं, "धार में. अने देवता खुद चल के अई रिया हे." मग माझ्याकडे बघून नमस्कार केला. दुचाकीवाल्यानेही केला. मीही हात उंचावून आशीर्वाद दिला. दुसरं काही सुचलं नाही.

वाटेत चहाला थांबलो. वहिनींनी डबा उघडला. माझ्यासाठी वेगळा डबा होता, त्यात साजूक तुपातल्या सांजोऱ्या.

"वहिनी, उद्या उडायचंय."

"म्हणूनच तर. रिकाम्या पोटी वर मळमळतं म्हणतात."

हे मला पटलं. आता विचार केला की लाज वाटते, किती पटकन पटलं.

धार

धारला दादाची बहीण, आमची कुमुदताई राहते. ती दारात ओवाळायला उभीच होती. तिने आधी पंखाला ओवाळलं, मग मला.

ताईच्या घरी दाल-बाफले होते. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कणकेचे गोळे आधी उकडतात, मग भाजतात, मग फोडून तुपात बुडवतात. बुडवतात म्हणजे खरोखरच बुडवतात, वर बुडबुडे येतात. त्यावर आंबट-गोड डाळ आणि शेवटी चुरम्याचा लाडू. दोन बाफले खाल्ले की माणूस भिंत शोधतो. मी दोनावर थांबणार होतो.

"ताई," वहिनी म्हणाल्या, "भावजींना बाफला फार आवडतो, पण ते संकोची आहेत."

ताई ही आमच्याच घराण्यातली, म्हणजे अस्सल थोरल्या पातीची. धाकट्या पातीच्या वहिनीने पाहुण्याला खाऊ घातलं आणि आपण कमी पडलो, असं होऊ देणं तिच्या रक्तात नव्हतं. पुढचे दोन बाफले कसे आत गेले ते मला आठवत नाही. संध्याकाळी बाजूच्या काकूंकडून मक्याचे पानिये आले, पानांत गुंडाळून शेकलेले. त्याबरोबर पुन्हा डाळ. मी पँटचा हुक सोडला आणि स्वेटर खाली ओढला.

झोपताना दादाने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. "तू सत्तरच्या आत आहेस ना?"

"अर्थात," मी म्हणालो.

तीन तोलकाटे

सकाळी पट्टीवर छान ऊन पडलं होतं. वहिनी त्या दिवशी साडीऐवजी सलवार-कुर्त्यात होत्या, पायात बूट, केस घट्ट बांधलेले. थंडीमुळे असेल, असं मला वाटलं.

विमान मला फार आवडलं. पांढरं, नाकावर लाल पट्टा, वर पारदर्शक झाकण, शेजारी-शेजारी दोन खुर्च्या, मागे एक पिशवी मावेल एवढी जागा. पंखावर पाय ठेवून आत उतरायचं. त्यात बसून मी वरून मांडूचा किल्ला बघणार होतो. मी काळा चष्मा घातला.

दुरुस्त पंख बसवून झाला. दुरुस्तीनंतर वजन पुन्हा करावं लागतं, कारण पंखात नवा पत्रा आला, नवा रंग आला. विमान एका काट्यावर मावत नाही. तीन चाकांखाली तीन काटे लावून बेरीज करतात. म्हणून दादाने धारच्या मंडीतून सोयाबीन तोलायचे तीन काटे आणवले होते. काटेवालाही कौतुकाने बरोबर आला होता. चाकं वर चढवली, तिन्ही आकडे आले.

"इत्तो हलको?" काटेवाला निराश झाला. मांडूच्या वाटेवरच्या नालछा गावातून त्याच्याकडे सोयाबीनच्या ट्रॉल्या येत. "अरे, इससे भारी तो नालछे की एक ट्रॉली रेवे."

दादाने बेरीज केली. मग स्वतः काट्यावर उभा राहिला. मग पेट्रोल मोजलं. मग आणखी बेरीज-वजाबाकी केली आणि म्हणाला, "शेजारच्या खुर्चीला एकाहत्तर. तुझं नशीब, एक किलो जास्तच मिळाला. चढ."

मी चढलो. काट्याने चौऱ्याहत्तर दाखवलं.

मी खाली उतरून पुन्हा चढलो. काटा आपल्या मतावर ठाम होता.

"स्वेटर," मी म्हणालो आणि स्वेटर काढला. शर्ट काढला, बूट काढले. पट्टा, किल्ल्या, मोबाईल, चष्मा. खिशातून वहिनींनी वाटेसाठी दिलेल्या शेवेची पुडी निघाली, तिच्या पाठोपाठ दुसरी पुडी. दोन्ही काढल्या. थंडीत, मोज्यांवर, बनियनवर मी मंडीच्या काट्यावर उभा होतो आणि सोयाबीनचा भाव ऐकावा तशी सगळी मंडळी आकडा ऐकायला वाकली होती.

"बहत्तर," काटेवाला म्हणाला.

"एकच किलो रे दादा!"

"एक किलो म्हणजे एक किलो."

"जरा पेट्रोल कमी टाक."

"वर पंप नाही."

"पण हे बनवणाऱ्याने थोडी सूट ठेवलीच असेल ना?"

"असेल. ती त्याची आहे, आपली नाही."

दादा इतका निर्दय असेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्याचा चेहराही पडला होता. परवानगी त्याच दिवसाची, वारा शांत, विमान तयार, आणि थोरली पाती बनियनवर कुडकुडत काट्यावर उभी. मला खरंच रडू येणार होतं. देशमुखांना काय सांगू, बाफले आडवे आले?

"मग आज एकटाच जातो," दादा म्हणाला.

"का?" वहिनी म्हणाल्या.

त्या पुढे आल्या, माझ्या बुटांच्या ढिगाला वळसा घालून काट्यावर उभ्या राहिल्या. काट्यावर अठ्ठेचाळीस आलं.

"सुमन, तू?" दादा म्हणाला. "तुला तर भीती..."

"जत्रेतल्या पाळण्याची वाटते. तो कुणी जोडलाय ते मला माहीत नसतं. हे मला माहीत आहे."

दादाने वजाबाकी पुन्हा करून पाहिली. थोरल्या पातीकडे त्या क्षणी दुसरा उमेदवार नव्हता. कुमुदताई नव्वदीकडे झुकलेली आहे, वयाने नव्हे. तिने काट्याकडे पाहिलं, काट्याने तिच्याकडे पाहिलं आणि ती दोन पावलं मागे सरकली.

पण दादा आधी एकटा एक फेरी मारून आला. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी एकट्यानेच करायची असते. तो उतरला आणि त्याने मान डोलावली. वहिनी पंखाकडे निघाल्या. ताई आडवी आली. तिने विमानापुढे दोन्ही हात पसरले. "असं नाही. नाव घेतल्याशिवाय आत सोडायची नाही!"

नव्या घराच्या उंबऱ्यावर नवरीला अडवतात, हे मी पाहिलंय. विमानाच्या पंखाशी अडवलेलं पहिल्यांदाच पाहिलं. इंजिन थांबलं होतं, मंडीचा काटेवाला, मांगीलालजी, पट्टीवरची माणसं, सगळे कान टवकारून उभे. वहिनी लाजल्या नाहीत की अडखळल्या नाहीत. कितीतरी दिवस तयार ठेवल्यासारखा त्यांनी उखाणा घेतला:

"मूळ आधी दमतं, टोक ठेवतं भान,
नरहररावांच्या विमानात धाकट्या पातीचा पहिला मान!"

ताईचे हात आपोआप खाली आले. मांगीलालजींनी शिट्टी मारली. मी बनियनवर टाळ्या वाजवल्या.

झाकण बंद झालं. विमान धावलं, दादाने सांगितलं होतं तेवढंच धावलं आणि उठलं. ऊन पंखाच्या नव्या टोकावर चमकलं. मग ते नालछ्याच्या बाजूला वळलं आणि लहान होत गेलं. मला हेवा वाटला. पोटात दुखावं इतका वाटला, आणि ते दुखणं बाफल्यांचं नव्हतं. मी स्वेटर घातला आणि शेवेची पुडी उघडली. आता काय बिघडणार होतं!

अर्ध्या तासाने ते परतले. वहिनी पंखावरून उतरल्या. त्यांचे केस सुटले होते आणि चेहरा असा की ताईने विचारायचं होतं ते विचारलंच नाही.

"नालछ्यापर्यंत गहू," वहिनी म्हणाल्या. "हिरवागार. मग तलाव, मग मांडूचे घुमट. आणि मग एकदम जमीनच संपते, खाली दरी. मी म्हटलं, आणखी एक चक्कर मारा. यांनी मारली."

दादा चाकाजवळ उकिडवा बसून काहीतरी तपासत होता. चाकाला काही झालं नव्हतं. तो डोळे पुसत होता. "मी सात वर्षं शेजारी बसून हिच्याबरोबर हे जोडलं," तो मला हळूच म्हणाला, "आणि एकदा विचारलं नाही रे." मीही मग त्याच्या शेजारी बसून चाक तपासलं. बराच वेळ तपासलं.

पुन्हा देवास

संध्याकाळी देवासला परतलो. ताटं मांडली. मी सवयीने दोन्ही हात तयार ठेवले. वहिनींनी मुगाच्या डाळीची खिचडी वाढली, एक पळी. तूप नाही. शेजारी काकडी.

मी वाट पाहिली. आग्रह आला नाही. खिचडी संपली, तरी आला नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे पाहिलं. मग मला पोह्यांवरची शेव आठवली, मनगटावरची पुरणपोळी, आपोआप भरणारी बशी, तुपातल्या सांजोऱ्या, संकोची भावजींना आवडणारा बाफला. आणि दोन-दोन पुड्या शेव.

"वहिनी!" मी म्हणालो.

"काय भावजी?" त्यांच्या चेहऱ्यावर दुसऱ्या कुठल्याच पातीला जमणार नाही अशी निरागसता होती. "पुढच्या आठवड्यासाठी यांनी पुन्हा परवानगी मागितलीय. दुसरा मान तुमचा. तोवर सांगलीला जायचं नाव काढू नका."

मला इतका आनंद झाला की लगेच भूक लागली. मी ताट पुढे केलं.

वहिनींनी पातेल्यावर हात आडवा धरला.